तारा पडलेल्या खड्ड्यात पोहून आले

पाणी दिसलं की माझे वडील, नाना, आधी चव घेतात. विहीर कुणाचीही असो, बोअर कुणाच्याही शेतातलं असो, ओंजळभर पाणी तोंडात फिरवतात, थुंकतात आणि मग निकाल देतात. ओमानमधल्या बिम्माह सिंकहोल या प्रसिद्ध खड्ड्याच्या शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी तेच केलं. आजूबाजूला दोन-चार गोरे पर्यटक, एक केरळी कुटुंब आणि मधोमध पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतलेले, टोपी घातलेले आमचे नाना. पाणी थुंकून अहिराणीत म्हणाले, “खारं शे. पिकले काय कामनं?”

झालं. त्या जागेतला त्यांचा निम्मा रस तिथेच संपला. माझा तिथून सुरू झाला.

भाऊ बरीच वर्षं मस्कतला बांधकामाच्या कामावर आहे. दर दिवाळीला तोच इकडे येतो. गेल्या दिवाळीत वहिनीने उलटं फर्मान काढलं, भाऊबीजेला तुम्हीच या. मी जळगावला शाळेत भूगोल शिकवते, सुट्टी होतीच. नानांचा प्रश्न एकच होता, केळीला पाणी कोण देईल? चोपडा तालुक्यातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडणारच. लाइट रात्रीची, मोटार सुरू करायला माणूस पाहिजे. चुलतभावाने ती जबाबदारी घेतली तेव्हा कुठे नाना विमानात बसले. विमानातलं पाणी बाटलीबंद होतं, म्हणून त्याच्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

मस्कतहून सूरकडे जाताना कुरियात मागे पडलं की डावीकडे समुद्र, उजवीकडे हजर पर्वताचे उघडेबोडके डोंगर आणि मधे नुसता पिवळट-राखाडी खडकाळ पट्टा. झाड म्हणावं तर बाभळीच्या जातीचं एखादं खुरटं. गवताची काडी नाही. नाना खिडकीतून बघत होते आणि मधूनमधून विचारत होते, “आठे काय पिकस?” भाऊ म्हणायचा, काही नाही. थोड्या वेळाने परत तोच प्रश्न. मस्कतला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात ७०० च्या आसपास पडतो आणि तरी आपण रडतो, असं भाऊ म्हणाला. नानांना ते आवडलं नाही.

सव्वाशे किलोमीटरच्या आसपास गेल्यावर दिबाब गावाजवळ पाटी दिसते. आत बाग आहे. खजुराची झाडं, बसायला सावलीच्या छपऱ्या, मुलांना झोपाळे, स्वच्छतागृहं. तिकीट नाही. बागेचं नाव हवियत नज्म. बाकी जग याला बिम्माह सिंकहोल म्हणतं. बागेच्या आत एक दगडी भिंत खड्ड्याभोवती फिरवलेली आहे. तोपर्यंत पाण्याचा कुठे मागमूस नसतो. भिंतीवरून वाकलं की एकदम खाली, तुटलेल्या कड्यांच्या मधे, हिरवट निळं पाणी. खड्डा साधारण ७० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि वरपासून २० मीटर खोल. एका बाजूने खाली उतरायला सिमेंटचा जिना केलाय. समुद्र तिथून किलोमीटरभरही नाही.

नानांनी भिंतीवर दोन्ही हात टेकले, आत वाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हाई इहिर कोनी खंदी?”

कोणीच नाही. इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कोकणातल्या माणसाला समुद्र दिसल्यावर जे होतं ते मला दगडाचे थर दिसल्यावर होतं. हा सगळा दगड चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडी त्यात हळूहळू विरघळते. किनाऱ्यालगत आणखी एक गंमत होते. डोंगराकडून जमिनीखालून येणारं गोडं पाणी आणि आत शिरलेलं समुद्राचं खारं पाणी जिथे एकत्र येतं, तिथलं मिश्रण त्या दोघांपेक्षाही जास्त जोरात चुनखडी खातं. असं खाऊन खाऊन खाली गुहा तयार होते, वरून काही कळत नाही. मग एक दिवस छत खाली येतं. भाच्याला हे समजेना, तेव्हा नानांनी एका वाक्यात समजावलं. वाळवीने आतून पोखरलेलं धाबं, म्हणजे घराचं मातीचं छत, कसं पावसाळ्यात एका रात्रीत बसतं, तसं. मस्कतच्या सातव्या मजल्यावर वाढलेल्या भाच्याने धाब्याचं घर आयुष्यात पाहिलेलं नाही, पण मला मात्र वर्गात सांगायला चांगलं उदाहरण मिळालं.

आपल्याकडे असा खड्डा का नाही, हेही नानांनी विचारलं. आपल्याकडे खाली काळा पाषाण, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि तापीच्या खोऱ्यात त्याच्यावर गाळाचे नि रेतीचे खोल थर. दोन्हीही चुनखडीसारखे विरघळत नाहीत. आपल्याला पाणी पाहिजे तर खणायला लागतं. सुरुंग लावा, वडर बोलवा, गाळ उपसा. तिथे पाण्याने स्वतःच खणून घेतलंय.

तिथले लोक सांगतात, आकाशातून तारा पडला आणि हा खड्डा झाला. बागेचं नावही त्याच ताऱ्यावरून आहे. नानांनी भावाकडे पाहिलं, “तारा पडना?” आणि हसले. मला मात्र लोणार आठवलं. शाळेच्या सहली आम्ही तिकडे नेतो. लोणारला लोक सांगतात, लवणासुर नावाचा राक्षस जमिनीखाली राहायचा, विष्णूने वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं; त्याच दैत्यसूदनाचं सुंदर मंदिर गावात आहे. आणि प्रत्यक्षात लोणारचं ते १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालंय आकाशातून दगड पडून. प्रचंड दाबाखालीच तयार होणारी काच तिथल्या दगडात सापडली, म्हणून ते नक्की झालं. म्हणजे जिथे खरोखर तारा पडला तिथे आपल्या लोकांनी जमिनीखालच्या पोकळीची आणि उडालेल्या झाकणाची गोष्ट रचली, आणि जिथे खरोखर झाकण पडलं तिथे ओमानच्या लोकांनी ताऱ्याची. दोन्ही गावांनी गोष्टींची अदलाबदल केली तर भूगोलाच्या पुस्तकाचं काम सोपं होईल. लोणारचं पाणीही खारं आणि अल्कधर्मी, जून २०२० मध्ये तर ते गुलाबी झालं होतं. पण लोणारात कोणी पोहत नाही. इथे पोहतात.

मीही पोहणारच होते. घरून निघतानाच अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घातलेली होती. तिथे अंगभर कपड्यातच उतरण्याची पद्धत आहे, त्यामुळे माझी पंचाईत नव्हती, उलट सोय होती. वहिनीला मात्र शेवटपर्यंत खरं वाटत नव्हतं. “ताई, तुम्ही खरंच उतरणार?”

तिचं चुकलं नाही. लग्न होऊन ती आली तेव्हा माझं पोहणं थांबून जमाना झाला होता. मी पोहायला शिकले आमच्या शेतातल्या विहिरीत, भावाच्या आधी. नाना पहाटे मजूर यायच्या आत न्यायचे. केळीचे दोन खांब दोरीने बांधून पाण्यात टाकायचे आणि मला त्यावर पालथं घालायचे. आमच्या केळीच्या पट्ट्यात डबा, भोपळा, ट्यूब कोण शोधत बसतो? घड कापलेला खांब बांधावर पडलेलाच असतो आणि तो मस्त तरंगतो. काठावरून नाना ओरडायचे, “पाय मार, पाय!” काही दिवसांनी एक खांब काढला, मग दुसराही. त्या विहिरीला तेव्हा उन्हाळ्यातही तीन-चार परस, म्हणजे तीन-चार पुरुष खोल, पाणी असायचं. पुढे मी मोठी झाले आणि पोहणं बंद झालं. कोणी नको म्हणालं नाही. नानांनी पहाटे उठवणं सोडलं एवढंच. भाऊ मात्र कॉलेजात जाईपर्यंत तिथेच सूर मारत होता.

आता ती विहीर कोरडी आहे. आधी तिच्या तळाला बोअर घेतलं, मग शेतात दुसरीकडे शेकडो फुटांचं. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्यात पावसाचं पाणी भरपूर मुरतं म्हणे, पण मुरतं त्याहून जास्त केळी पिते. एकदा एक वासरू पडलं, तेव्हापासून विहिरीवर लोखंडी जाळी आहे. जळगावात तलाव आहेत, बायकांची वेगळी बॅचही असते, पण ती नेमकी अशा वेळी की नोकरी करणारी बाई पोचू नये. आणि कंबरेएवढ्या क्लोरीनच्या पाण्यात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालल्यासारखं पोहणं हे काही माझं पोहणं नव्हे. हे जरा उद्धटपणाचं आहे, पण विहिरीत शिकलेल्या कोणालाही विचारा.

जिना संपतो तिथे पाणी उथळ आहे, खाली दगड, काही शेवाळलेले. पाय बुडवला की बोटाएवढे मासे येऊन टाचा कुरतडायला लागतात. मस्कतच्या मॉलमध्ये याचेच पैसे घेतात, अशी माहिती वहिनीने वरून दिली. मी पुढे गेले. समोरच्या कड्याकडे पाणी खोल होत जातं, रंग हिरव्याचा गडद होतो आणि एका ठिकाणी पायाखाली काही लागेनासं होतं. तिथे मी पालथी झाले.

शरीर विसरत नाही म्हणतात ते पुष्कळदा खोटं असतं. पहिले चार हात मारले आणि छाती भरून आली, खांदे बोलायला लागले. पण पायाखाली खोल आहे हे कळल्यावर होणारा तो पोटातला खड्डा, तो मात्र तसाच होता. तलावात तो नसतो. तळाच्या फरश्या दिसत असतात ना. इथे खाली फक्त काळपट हिरवं, चारी बाजूंनी कडे, वर आभाळाचा तुकडा. बोललेलं घुमत होतं. मी समोरच्या कड्याला हात लावला, विहिरीच्या भिंतीला लावायचे तसा, आणि तिथे दगडाच्या खाचेला धरून दम खात थांबले.

भाचा चांगला पोहतो. इमारतीच्या तलावात शिकलाय, गॉगल, टोपी, सगळा सरंजाम. उथळ पाण्यात त्याने मला मागे टाकलं, पण जिथून तळ दिसेनासा होतो त्या रेषेवर येऊन थांबला. “आत्या, खाली काय आहे?” मी म्हटलं, पाणी. त्याला ते पुरेसं वाटलं नाही. तेवढ्यात पायरीवरून आवाज घुमला, “पाय मार, पाय! उभा काय राह्यना?” आजोबांच्या अहिराणीतलं त्याला निम्मं कळतं, पण हे कळलं. हसत हसत तो आला आणि माझ्या खांद्याला असा काही लोंबकळला की आम्ही दोघंही बुडालो असतो. मग परतीच्या हाताला तो एकटा गेला.

नाना शेवटपर्यंत पोहले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पोटऱ्या पाण्यात सोडून माशांना पाय देऊन बसले. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “मंग सरकारनं हाई भिंत, जिना, बाग, बठ्ठं नुसतं पव्हासाठे कयं?” होय म्हटलं. बराच वेळ ते त्यावर विचार करत होते. ज्या पाण्याने एक झाडही वाढत नाही, त्याची इतकी निगा.

वर येऊन छपरीत जेवलो. वहिनीने भरीत केलं होतं. बामणोदची हिरवी वांगी तिथे कुठून मिळणार? मोठी काळी वांगी, गॅसवर भाजलेली. काड्यांच्या जाळाचा वास नाही. नानांनी दोन घास खाऊन “चालस” म्हटलं, म्हणजे नापास. शेजारच्या केरळी कुटुंबाने आमच्या पुऱ्या घेतल्या आणि खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे काप दिले. एवढा वेळ मरगळलेले नाना ताठ झाले. ही केळी कोणती? नेंद्रन. आमची ग्रँड नैन. मग भाऊ दुभाषी आणि पुढचा बराच वेळ घडाचं वजन, काढणी, भाव. त्या गृहस्थाच्या वडिलांची केळीची बाग होती. निघताना दोघांनी असा काही हात मिळवला की जणू लग्न जुळलं.

नानांना ओमानमध्ये खरं आवडलं ते दुसऱ्याच दिवशी, निजवाला. तिथे फलज दारिस आहे. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने गावात आणलेलं, पंप नाही, लाइट नाही. अशा पाच फलजांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा ठरवलं. पाणी शेतकऱ्यांत वेळेच्या हिशेबाने वाटलं जातं. नानांनी त्याचीही चव घेतली आणि प्यायलेही. मी त्यांना म्हटलं, हे तर आपल्या शेजारी बुऱ्हाणपूरला आहे, कुंडी भंडारा. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेला. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवून शहरात नेलेलं. खान्देशाची राजधानी होती ती. नाना रावेरच्या पलीकडे किती वेळा गेले असतील, पण कुंडी भंडारा त्यांनी पाहिलेला नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला नाही.

कोणी जाणार असेल तर दोन गोष्टी. शुक्रवार-शनिवारी तिथली सुट्टी असते, त्या दिवशी गर्दी होते. मधल्या वारी सकाळी लवकर जा, ऊन खड्ड्यात उतरायच्या आत. रबरी चपला घाला, दगड घसरतात. आणि वरून उडी मारणारे तरुण दिसले तर त्यांचं पाहून आपल्या पोरांना चेव येऊ देऊ नका. २० मीटरवरून पाणी पाण्यासारखं लागत नाही, आणि उथळ कुठे, खोल कुठे हे वरून कळत नाही.

गावी परतल्यावर ओट्यावर नानांचं व्याख्यान झालं. आधी नेंद्रनचा भाव, मग फलज, मग फुकट बाग आणि शेवटी, जाता जाता, “आनि हाई पोर मासायमा पव्हनी.” ओट्यावरच्या माणसांनी माना डोलावल्या आणि परत केळीच्या भावाकडे वळले.

स्वयंपाकघरात मात्र वेगळं झालं. चुलतीने पहिला प्रश्न विचारला, “कपडे काय घालेल व्हतात?” दुसरा, “बाप्ये व्हतात का तठे?” दोन्हींची उत्तरं दिल्यावर तिने भाकरी थापायची थांबवली आणि म्हणाली, मी तर अनेरच्या डोहात पोहायचे. मी आ वासला. इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं. मग शेजारची वहिनी म्हणाली, ती माहेरी पाटात. तिच्या सासूने सांगितलं, गाई धुवायच्या निमित्ताने त्या सगळ्या पोरी तापीत उतरायच्या, लुगडी काठावर एक जण राखायची. घरातल्या एकाही पुरुषाला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाकरी तव्यावर करपायला आली तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

चुलतीने विचारलं, खोल किती होतं? मी म्हटलं, पाय लागत नव्हता. मग तिने विचारलं, बुडी मारून तळाची माती आणली का? आमच्याकडे पोहणं येतं असं तेव्हाच म्हणतात. मुठीत गाळ घेऊन वर यायचं आणि काठावरच्यांना दाखवायचा. मी म्हटलं, नाही आणली.

“मंग काय पव्हनी तू?” ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.